कुरडूमागचे पाणी

फोटो काढताना सूर्य पाठीशी असावा, हा आमच्या वडिलांचा दंडक. त्यामुळे घरच्या आल्बमातली झाडून सारी मंडळी उन्हाने डोळे बारीक करून, कुणावर तरी रागावल्यासारखी उभी आहेत. पुढे आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला शहाणे केले. "फुलांचे फोटो काढायचे ना? मग सूर्य समोर घ्या. माणसाच्या चेहऱ्यातून उजेड आरपार जात नाही, पाकळीतून जातो." एवढ्या एका वाक्यावर विसंबून सप्टेंबरच्या अखेरीस मी सौभाग्यवतींसह जुन्नरची एस. टी. पकडली.

शिवनेरीला खालूनच हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी घाटघरवरून नाणेघाट गाठला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कोकणातला माल याच खिंडीतून जुन्नरच्या पेठेत येई. राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आजही तिथल्या लेण्यात आहे. पण पावसाळा सरताना इथे राज्य असते ते सोनकीचे! इवलेसे पिवळे फूल. कातळाच्या भेगेत ओंजळभर माती मिळाली तरी त्याला पुरते.

मी ओल्या गवतात पालथा पडलो. समोर सोनकी, तिच्यामागे जीवधन किल्ल्याची अजून सावलीत असलेली काळीशार बाजू, आणि वरून कलते ऊन. भिंगावर थेट ऊन पडले तर फोटो धुरकट होतो, म्हणून सौभाग्यवती माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या. वाटेने जाणाऱ्या गुराख्याने आम्हांला पाहून म्हैस दुसरीकडून वळवली!

पहिले दहा-बारा फोटो फुकट गेले. फूल पांढरेफटक! कॅमेऱ्याला समोर बहुतेक काळोखच दिसतो. तो बिचारा रात्र समजून भसाभस उजेड आत घेतो. मागे लख्ख आकाश असले तर उलट फूलच काळे पडते. मी उजेड एका घराने कमी केला आणि काय सांगू! पाकळीतली शीर न् शीर दिसू लागली, देठावरची लव चकाकली. दारातला आकाशकंदील दिवसा नुसता कागद असतो. संध्याकाळी आत दिवा लागला की त्याच कागदाचे सोने होते. अगदी तसे. एक गवताची काडी आड येत होती, ती उपटायला मी हात पुढे केला. "तुम्हीच वीतभर सरका की," छत्रीखालून आज्ञा झाली. सरकलो. काडी आपोआप बाजूला झाली.

तिसऱ्या दिवशी घोडेगावाहून पुढे डिंभ्याच्या धरणाकडे गेलो. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. काठच्या बांधावर कुरडू फुलले होते. सूर्य पश्चिमेच्या डोंगरांवर टेकलेला. कुरडूच्या तुऱ्यांना चंदेरी कड आलेली. मी मनसोक्त फोटो काढले.

मग चहाच्या टपरीवर बसून मोबाईलवर कातरकाम सुरू केले. वीस वर्षे मुलांच्या निबंधांतली पाल्हाळे कापणाऱ्या माणसाला हे काम आवडणारच. नियम थोडेच आहेत. कडेला चमकणारे पांढरे डाग आधी काढावेत, कारण डोळा तिकडेच पळतो. अर्धवट तुटलेले फूल ठेवू नये. तुरा ज्या बाजूला झुकला असेल, तिकडे मोकळी जागा सोडावी. हावही करू नये. लांबी-रुंदी निम्मी केली की चित्राचा फक्त चौथा हिस्सा उरतो. मी डावीकडचे लखलखणारे पाणी सफाईने कापून टाकले. चित्र कसे नेटके झाले!

शेजारच्या बाकावरचे म्हातारबाबा मघापासून डोकावत होते. "फूल झ्याक आलंय, मास्तर," ते म्हणाले. "पर पाणी का वो कापलंत?"

"बाबा, ते फार चमकत होतं. फुलाकडे लक्ष जाईना."

"आमचं आंबेगाव त्याच्यातच हाय."

मी गप्प झालो. तालुक्याचे नाव आंबेगाव, कचेऱ्या घोडेगावात, आणि ज्याच्यावरून हे नाव पडले ते जुने गाव धरणाच्या पाण्याखाली, हे मला वाचून ठाऊक होते. ठाऊक असून मी ते कापले होते. बाबांनी बोटाने पाण्यावर दाखवले. "तिथं आळी व्हती. पलीकडं आमचा वाडगा." आवाजात तक्रार नव्हती. या पाण्यावर खालच्या अंगाची शेते भिजतात, हेही त्यांनीच सांगितले. चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले नाहीत. "आमच्या गावाला आलायसा," म्हणाले.

मोबाईलवर कापलेले चित्र बोटाच्या एका स्पर्शाने पुन्हा पूर्ववत होते. मी ते केले.

परवा प्राध्यापकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला. "तुरा उत्तम. डावीकडचा तो पांढरा भाग तेवढा उडवा."

"नको," मी म्हटले. "तिथे गाव आहे."