शिवणीतली माया

मे महिना सरत आला, वळवाचे दोन-चार सडाके पडून गेले आणि फणसाचा वास घरभर दरवळू लागला, की आमच्या बेळगावच्या गल्ल्यांतून एकच विषय कानी येऊ लागतो. पुस्तके मिळाली का, वह्यांना कव्हरे घातली का, हे प्रश्न ओझरते विचारले जातात. घरोघरच्या आयांना खरी चिंता असते ती गणवेशाची. शाळेची फी निदान हप्त्याने भरता येते. गणवेश मात्र पहिल्या दिवशी, पहिल्या घंटेला, नखशिखान्त अंगावर असावा लागतो.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे, तो घरच्या धंद्यामुळे. माझे वडील शहापुरात शिंपीकाम करीत. पन्नास वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. पांढऱ्या पॉपलिनचे आणि खाकी ड्रिलचे तागे घेऊन लोक येत. कापड कोणत्या दुकानातून घ्यावे, याचे बंधन कोणावर नव्हते. ज्याची ऐपत असे तो चांगल्यापैकी घेई, ज्याची नसे तो हलके घेई. पण रंग एकच असल्यामुळे प्रार्थनेच्या रांगेत तो फरक चटकन कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. माप घेताना आई हळूच म्हणे, “वाढत्या अंगाचे शिवा हो मामा.” वडील मान हलवीत आणि मापाच्या वहीत आकड्यापुढे एक टिंब देत. ते टिंब म्हणजे ‘माया ठेवणे’.

शिंप्यांच्या बोलीतला हा शब्द सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्यास माया म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवून ते कापड बाहेर काढावयाचे, परकराची वा विजारीची दुमड सोडावयाची, आणि त्याच जोडावर आणखी एक वर्ष निभावून न्यावयाचे. सोडलेल्या दुमडीच्या जागी कापडाचा मूळ गडद रंग पट्ट्यासारखा दिसे. आमच्या वर्गातील निम्म्या मुलींच्या परकरांवर तो पट्टा होता. कोणाला त्याची लाज वाटल्याचे मला आठवत नाही. थोरलीचा गणवेश मधलीला आणि मधलीचा धाकटीला, असा एकेक जोड तीन-तीन मुलींना मोठे करून मगच पायपुसण्यात जाई.

आता काळ बदलला आहे आणि तो बदलणारच. परंतु गेल्या वर्षी आमच्या शेजारणीने तिच्या मुलांच्या शाळेतून आलेली यादी मला वाचून दाखविली, तेव्हा मी चकित झाले. नवरा वडगावात यंत्रमागावर कामाला, ती स्वतः दोन घरी स्वयंपाक करते. एक मुलगा सातवीत, एक मुलगी तिसरीत. यादीप्रमाणे प्रत्येकाला रोजच्या गणवेशाचे दोन जोड, त्यांचे १,७०० रुपये. बुधवारचा पांढरा जोड ७५० रुपये. काळे बूट ५५०, पांढरे बूट ४००. टाय, शाळेच्या बिल्ल्याचा पट्टा आणि दोन रेघांचे मोजे मिळून ३५०. एका मुलाचे ३,७५० रुपये झाले आणि दोघांचे साडेसात हजार. हे सारे एकाच नेमून दिलेल्या दुकानातून, एकाच आठवड्यात घ्यावयाचे होते. त्या वर्षी शाळेने चौकटीच्या कापडाचा नवा नमुना काढला होता. त्यामुळे भावाचा जुना, धडधाकट सदरा बहिणीच्या उपयोगी पडेना. ते कापड खडेबाजारात कोठेही मिळेना, म्हणून ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेण्याची वाटही बंद झाली.

मी तो सदरा हातात घेऊन उलटा करून पाहिला. जुनी खोड, दुसरे काय! शिवणीला ओव्हरलॉक मारून जादा कापड यंत्रानेच छाटलेले होते. दुमड बोटभर. माया म्हणून कोठे नाही. म्हणजे पुढच्या जूनमध्ये हा सदरा तोकडा होणार, आणि पुन्हा तेच दुकान.

शेजारणीने कानांतली फुले गहाण ठेवून बाकी सर्व आणले. मुलीचे पांढरे बूट तेवढे राहिले. पुढच्या पगारावर घेऊ, असे तिने ठरविले. पहिल्याच बुधवारी मुलीला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढून भिंतीशी उभे केले. तिच्याबरोबर आणखी चार मुले होती, आणि ती कोणाची मुले होती हे सांगावयास नको. दुसऱ्या बुधवारी मुलीला ताप आला. तिसऱ्या बुधवारीही आला. मी कपाळाला हात लावून पाहिला, तर अंग गार. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली. तिसरीतल्या त्या पोरीने शाळेत शिकलेला तो वर्षाचा पहिला धडा होता: पांढरे बूट नसले, तर ताप आहे असे सांगावे.

वाचकहो, हे सांगताना गणवेश नसावाच, असे मला म्हणावयाचे नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण शहाणपणाचे नाही. गणवेश नसता, तर त्याच मुलीला रोज सकाळी शेजारच्या बाकावरील रेशमी झग्याशी आपल्या फ्रॉकाची तुलना करावी लागली असती. श्रीमंताचे पोर आणि मजुराचे पोर एका रांगेत एकसारखे दिसावे, हा गणवेशाचा हेतू उदात्तच आहे. प्रश्न इतकाच, की तो हेतू आज कोण सांभाळतो?

गणवेशाचा इतिहास या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. लंडनमध्ये १५५२ साली सहावा एडवर्ड राजा असताना ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ नावाची संस्था निघाली. नावावरून रुग्णालय वाटेल, पण ती निराधार व गरीब मुलांना अन्न, आसरा आणि शिक्षण देण्यासाठी होती. तेथील मुलांना लांब निळा अंगरखा आणि पिवळे मोजे मिळत. पुढे अशा धर्मादाय शाळांना निळ्या अंगरख्यांच्या शाळा हेच नाव पडले. शालेय गणवेशाच्या जुन्या उदाहरणांत या पोशाखाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ती शाळा १९०२ साली लंडनबाहेर ससेक्स परगण्यात गेली, तरी मुले तोच पोशाख घालतात आणि शाळा तो त्यांना विनामूल्य पुरविते. म्हणजे गणवेश मुळात गरिबाच्या अंगावर घातलेले पांघरूण होते. ज्याच्याजवळ कपडा नाही त्याला शाळेने तो दिला. आज ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्याकडून शाळा तो मागते, आणि न आणल्यास भिंतीशी उभे करते. वस्तू तीच राहिली, दिशा मात्र उलटली.

सरकारी शाळांत मूळ दिशा काही अंशी टिकून आहे. आपल्या कर्नाटकात विद्याविकास योजनेखाली सरकारी शाळांतील मुलांना गणवेश मोफत मिळतो. तोही कधी उशिरा, कधी अपुरा. २०१९ साली कर्नाटक उच्च न्यायालयाला दोन जोड, बूट आणि मोजे देण्याविषयी सरकारला आदेश द्यावा लागला. दुसऱ्या जोडाचे महत्त्व बेळगाव-खानापूरच्या आयांना न्यायालयाने सांगावयास नको. जूनपासून आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नसते. एक जोड अंगावर आणि दुसरा चुलीच्या उबेवर, असाच आमचा पावसाळा जातो. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेने २०१८ साली दोन जोडांसाठी एका मुलामागे वर्षाला ६०० रुपये धरले. शेजारणीच्या यादीत तेवढ्यात एक जोडही बसत नव्हता.

कपड्याच्या एका जोडाने मुलाच्या आयुष्यात काय फरक पडतो, असे कोणी विचारील. याचे उत्तर दूरच्या केनिया देशाने दिले आहे. तेथे प्राथमिक शाळेची फी माफ झाली, तरी गणवेश पालकांनाच घ्यावा लागे. एस्तेर डुफ्लो, पास्कालीन द्युपा आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम केनियातील काही शाळांत वरच्या वर्गांतील मुलामुलींना गणवेश फुकट देऊन पाहिले, आणि जेथे दिले नव्हते त्या शाळांशी तुलना केली. तीन वर्षांनंतर शाळा सोडणाऱ्या मुलींचे प्रमाण शेकडा १९ वरून १६ वर आले, आणि लहान वयात आई होण्याचे प्रमाणही घटले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी डुफ्लो आणि क्रेमर यांना आपल्या अभिजित बॅनर्जींसमवेत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेकड्यात तीन मुली हा आकडा लहान दिसतो. पण त्या तीन मुलींच्या घरी विचारावे, तो लहान आहे काय.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, मुलाचे प्राथमिक शिक्षण अडेल असा कोणताही खर्च त्याच्यावर लादू नये, असे तत्त्व आहे. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. रांगेतून बाहेर काढून भिंतीशी उभे करणे यांपैकी कशात बसते, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ठाऊक असेल, की मध्य प्रदेशाने खाजगी शाळांसाठी २०२० साली केलेल्या नियमांनुसार पालकांना एका ठराविक दुकानाची सक्ती करता येत नाही, आणि गणवेश बदललाच तर तो पुढची तीन शैक्षणिक वर्षे कायम ठेवावा लागतो.

येथे आपल्या धर्मग्रामातील पालकांनी व शाळाचालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळा २००९ च्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले. शेवटी निकाल काहीही लागो. चर्चच्या शाळांना ही मोकळीक मिळाली ती आपली ओळख जपण्यासाठी, गरिबाचे मूल रांगेबाहेर काढण्यासाठी नव्हे. जेथे कायद्याचा धाक नाही, तेथे विवेकाचा असावा, ही अपेक्षा इतरांपेक्षा आपल्याकडून अधिक केली जाते, आणि ती रास्तच आहे.

शाळेची बाजूही मी ऐकली आहे. माझ्या परिचयाच्या एका धर्मभगिनी अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणत, “कापड ज्याने त्याने आणावयाचे म्हटले, की निळ्याच्या दहा छटा होतात. एकाला सूट दिली, की उद्या दहाजण मागतात. शिस्त एका मोज्यापासून ढिली होते.” त्यांचे म्हणणे मी खोटे मानत नाही. पण छटा जमत नाहीत त्या विणून घेतलेल्या खास चौकटीच्या. साधा गडद निळा, साधा पांढरा, साधा खाकी कोणत्याही पेठेत मिळतो. राहता राहिली शिस्त. मुलाच्या हाती नसलेल्या गोष्टीबद्दल मुलाला शिक्षा केल्याने शिस्त वाढत नाही, भीती तेवढी वाढते. आठ वर्षांची मुलगी बूट विकत घेत नाही, तिचे आईबाप घेतात. बोलावयाचे असेल तर त्यांच्याशी, दाराआड, दोन समजुतीच्या शब्दांत बोलावे.

यावर उपाय अवघड नाहीत. गणवेशाचा रंग बाजारात सहज मिळणारा असावा. शाळेचा बिल्ला वेगळा विकावा. तो ज्याने त्याने घरी टाचून घ्यावा. एकदा ठरलेला नमुना पाच वर्षे तरी बदलू नये. पांढरे बूट आणि पांढरा जोड खरोखरच हवेत काय, याचा पालकसभेत एकदा मोकळेपणाने विचार व्हावा. इंग्लंडमध्ये २०२१ साली गणवेशाच्या खर्चाविषयी स्वतंत्र कायदा झाला. त्याला अनुसरून सरकारने शाळांना बजावले, की शाळेचे चिन्ह असलेल्या खास वस्तू कमीत कमी ठेवाव्यात आणि वापरलेले गणवेश पालकांस मिळतील अशी सोय करावी. जेथे गणवेशाची परंपरा साडेचारशे वर्षांहून जुनी आहे, त्यांना यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

यातली शेवटची गोष्ट तर आपल्याच हातची आहे. तिला ना कायदा लागतो, ना शाळेचा ठराव. परीक्षा संपल्या, की मुलांना तोकडे झालेले जोड आपण कपाटात कोंबून ठेवतो किंवा भांडीवालीला देतो. त्याऐवजी ते धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून धर्मग्रामाच्या सभागृहात आणून द्यावेत. मापाप्रमाणे लावून ठेवलेल्या त्या कपाटातून ज्याला हवे त्याने, नाव न सांगता, घेऊन जावे. देणाऱ्यानेही तेथून आपल्या मुलासाठी एखादा जोड उचलावा. म्हणजे घेणाऱ्याला संकोच वाटणार नाही. शिलाई यंत्र ज्यांच्या घरी आहे त्या भगिनींनी मे महिन्यातील दोन दुपारी या कामासाठी द्याव्यात. माझे यंत्र जुने आहे, पण चालते. उसवणे, दुमड सोडणे, आखूड बाहीला पट्टी जोडणे ही कामे मी आनंदाने करीन.

आणि नव्या जोडांची मागणी नोंदविताना शाळांनी कारखानदाराला एवढे अवश्य सांगावे, की शिवणीत दोन बोटे माया ठेवा. त्यासाठी कापड थोडे अधिक लागेल आणि किंमत किंचित वाढेल. पण तोच जोड आणखी एक वर्ष टिकेल. मुले वाढत असतात हे शिंप्याने विसरू नये, आणि शाळेने तर मुळीच विसरू नये.