सुई टोचण्याआधीची उलटी

केमोथेरपीने उलट्या होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या उलट्या मात्र औषध शिरेत जाण्याआधीच सुरू व्हायच्या, आणि हे घरच्यांना पटवायचं कसं, ते मला सुचत नव्हतं.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि दर 3 आठवड्यांनी केमोसाठी साताऱ्याहून पुण्याला जाणं सुरू झालं. औषधांत डॉक्सोरुबिसिन होतं, रंगाने लालभडक. पहिल्या केमोनंतर रात्रभर उलट्या झाल्या, पुढच्या वेळीही तेच. मग उलटीची वेळ अलीकडे सरकू लागली. आधी सिस्टरने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला की पोटात ढवळायचं. नंतर डे केअरच्या दारातच, पुढे लिफ्टमधल्या फिनेलच्या वासाने. शेवटी तर गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली की तोंडात लाळ जमायची आणि मी पिशवी शोधू लागायची. एकदा हळदीकुंकवाला कुणी कोकम सरबताचा पेला पुढे केला, तर तो लाल रंग बघूनच मी मोरीकडे धावले.

सासूबाई म्हणायच्या, "अगं, इतका धसका घेऊ नये. मन घट्ट कर." नवऱ्याला नवल वाटायचं, "अजून तर सलाईनही लावलं नाही!" पण मला भीती वाटत नव्हती. शेजारच्या बाईंशी लोणच्याच्या गप्पा मारत असतानाही स्पिरिटचा वास आला की उमळून यायचं.

डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला गाडी लागते का?" लागते. लहानपणापासून घाट आला की एसटीत खिडकीची जागा माझीच. ज्यांना गाडी लागते, जे पन्नाशीच्या आतले आहेत, त्यांच्यात ही आगाऊ मळमळ जास्त दिसते; पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. पहिल्या केमोला उलट्या आवरल्या नसतील, तर शक्यता आणखी वाढते.

मग त्यांनी पावलोव्हचं नाव काढलं. पचनावरच्या संशोधनासाठी 1904 साली नोबेल मिळवणाऱ्या या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना खाणं मिळण्याआधीच, नुसत्या इशाऱ्याने लाळ सुटायची. माझंही तसंच झालं होतं. उलटी घडवणारं खरं कारण औषध. स्पिरिट, लिफ्ट, बोगदा ही त्याच्या आधी येणारी निरुपद्रवी मंडळी. पण दर वेळी ती औषधाच्या पुढे चालत आली, म्हणून शरीराने त्यांनाच औषधाची वर्दी मानलं. उलटी ही प्रतिक्षिप्त क्रिया, इच्छेच्या ताब्यात नसलेली. त्यामुळे मन घट्ट करून ती थांबत नाही.

जेवणाचं त्याहून विचित्र. पहिल्या केमोच्या दिवशी एकादशी होती, म्हणून सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन निघाले होते. तेव्हापासून खिचडी समोर आली की मी तोंड फिरवते. तिचा काही दोष नाही हे मला कळतं. माझ्या पोटाला कळत नाही. यावरही प्रयोग झाले आहेत. संशोधक जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी देऊन किरणोत्सर्ग दिला, तर उंदरांनी पुढे ते पाणी टाकलं. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की मळमळीचा दोष शरीर आवाजावर किंवा उजेडावर सहसा टाकत नाही, चवीवर टाकतं. चव आणि मळमळ यांत काही तास गेले तरीही. आयलिन बर्नस्टीन यांनी 1978 मध्ये हेच केमो घेणाऱ्या मुलांत दाखवलं: केमोआधी अनोळखी चवीचं आइस्क्रीम खाल्लेल्या मुलांनी पुढे ते नाकारलं.

त्याच संशोधनातून एक युक्तीही निघाली. जेवण आणि केमो यांच्यामध्ये एखादी वेगळ्याच चवीची गोळी द्यायची. शरीर दोष तिच्यावर टाकतं आणि रोजचं जेवण बऱ्याच अंशी वाचतं. मी अननसाच्या गोळ्या निवडल्या. आज अननस मला नकोसा होतो, दहीभात मात्र राहिला.

बाकी उपाय दोन झाले. उलटीची नेहमीची औषधं आगाऊ मळमळीवर फारशी चालत नाहीत, म्हणून आदल्या रात्री आणि त्या सकाळी लोराझेपामची छोटी गोळी मिळाली. शिवाय समुपदेशक बाईंनी अंग सैल सोडायला शिकवलं आणि तशा अवस्थेत आधी बोगदा, मग लिफ्ट, मग स्पिरिट, असं एकेक डोळ्यांपुढे आणायला लावलं. अमेरिकेत रॉचेस्टरच्या संशोधकांनी 1982 मध्ये हीच पद्धत केमोच्या रुग्णांवर उपयोगी ठरल्याचं दाखवलं होतं. माझा बोगदा सुटला, लिफ्टही सुटली. स्पिरिट पूर्ण सुटलं नाही, पण पिशवी पर्समध्येच राहू लागली.

केमो सुरू होणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एकच. पहिल्याच वेळी उलट्या आवरल्या, तर शरीर हा धडा सहसा शिकत नाही. म्हणून गाडी लागत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा आणि पहिल्या रात्रीचा त्रास अंगावर काढू नका. घरच्यांनी धीर जरूर द्यावा, पण धसक्याचा ठपका ठेवू नये. आणि केमोच्या दिवशी डब्यात पेशंटचा सगळ्यात आवडता पदार्थ देऊ नये.