दुपारच्या दिशेला

फ्रेंच मजकुरात दिशा आली की माझा अनुवादाचा वेग मंदावतो. नॉर, स्यूद, एस्त, वेस्त हे रोजचे चार शब्द लॅटिनच्या या लेकीने जुन्या इंग्रजीकडून उचलले, तेही दर्यावर्दींच्या व्यवहारातून. विशेषणं मात्र माहेरची राहिली: सेप्तांत्रिओनाल, मेरिदिओनाल, ओरिआंताल, ऑक्सिदांताल. रस्त्यावरच्या पाटीला ‘नॉर’ पुरतो. जुन्या प्रवासवर्णनाला ‘सेप्तांत्रिओनाल’ लागतो. मराठीत दोन्हींना ‘उत्तर’ लिहिलं की अर्थ पोचतो, पण भारदस्तपणा गळतो. अशा वेळी मी ‘उत्तरेकडील’ऐवजी ‘उदीच्य’ वापरून पाहते आणि बहुधा खोडते. फार संस्कृत होतं. मूळ शब्दात तर नांगराचे सात बैल आहेत, ‘सेप्तेम त्रिओनेस’! ज्या ताऱ्यांत आपल्याला ऋषी दिसले, तिथे रोमनांना बैल दिसले.

खरी गंमत ‘मिदी’ची. त्याचा अर्थ भर दुपार आणि दक्षिणही. लॅटिन ‘मेरिदिएस’ म्हणजे मध्यान्ह, त्यातूनच ‘मेरिदिओनाल’. फ्रान्समध्ये वर्षभर कुठल्याही दिवशी मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेलाच असतो, त्यामुळे दुपार हीच दिशा झाली. तुलूझहून भूमध्य समुद्राकडे नेणारा, 1681 साली पुरा झालेला कालवा आज ‘कनाल द्यु मिदी’ म्हणवतो. ब्रसेल्समधल्या एकाच रेल्वे स्थानकाचं नाव फ्रेंचमध्ये ‘मिदी’ आणि डचमध्ये ‘झाउद’, म्हणजे सरळ दक्षिण.

आपल्याकडे हे जमलंच नसतं. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला कलतो. ‘दुपारकडे चाला’ म्हटलं तर माणूस कुर्ल्याऐवजी ठाण्याला पोचायचा. म्हणून स्थळनामात ‘मिदी’ तसाच ठेवावा आणि एरवी ‘दक्षिण फ्रान्स’ लिहून मोकळं व्हावं, असं माझं मत आहे. दुपार वाचवायच्या नादात वाक्य मरतं.

उगवत्या-मावळत्या सूर्याचं मराठीत सोपं जातं. ‘ओरिएन्स’ म्हणजे उगवणारा, ‘ऑक्सिदेन्स’ म्हणजे खाली जाणारा. आपल्याकडे उगवत आणि मावळत आहेतच. पण उसन्या ‘एस्त’लाही मी कोरडा समजत नाही. त्याचं मूळ पहाटेच्या शब्दात, आपल्या ‘उषस्’च्याच कुळात आहे. त्यामुळे कवितेत ‘एस्त’ आला की मी ‘उगवतीकडे’ लिहिते. संपादक त्याचं ‘पूर्वेकडे’ करून पाठवतात. मी पुन्हा ‘उगवतीकडे’ करते.