जुन्या लॅपटॉपची शीतनिद्रा

हायबरनेशन, म्हणजे संगणकाची शीतनिद्रा, ही चालू कामासकट यंत्र पूर्ण बंद करण्याची सोय आहे. रॅममध्ये जे काही उघडे असेल त्याची प्रतिमा डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमला पूरक म्हणून राखलेल्या जागेत, लिहिली जाते आणि मग वीज तुटते. पुन्हा बटण दाबले की लिनक्सचे कर्नल ती प्रतिमा वाचून रॅममध्ये जशीच्या तशी मांडते. सस्पेंडमध्ये असे होत नाही. तिथे रॅमला थोडी थोडी वीज लागतच राहते. नव्या बॅटरीला ते जाणवत नाही, पण दहा-बारा वर्षे वापरलेली बॅटरी रात्रीतून रिकामी होते आणि उघडे ठेवलेले काम सकाळी हाती लागत नाही. शीतनिद्रेची खरी गरज जुन्याच लॅपटॉपला असते.

तरीही ही सोय मेनूत सहसा दिसत नाही. उबुंटू या लिनक्स वितरणाने २०१२ सालच्या १२.०४ या आवृत्तीपासून ती मेनूतून काढली, कारण अनेक यंत्रांवर ती भरवशाने चालत नव्हती. कर्नलमध्ये ती शाबूत होती आणि टर्मिनलमधून एका आज्ञेने चालवताही येत होती. प्रस्तुत लेखकाला हे लपवणे बरीच वर्षे अन्यायाचे वाटे. मोफत प्रणाली घेणारा माणूस बहुधा जुनेच यंत्र वापरत असतो, आणि नेमके त्याच्याच उपयोगाचे बटण काढून घेतलेले.

मांडणीचे दोन भाग आहेत. झोपण्यासाठी पुरेसे मोठे, चालू असलेले स्वॅप लागते. प्रतिमा रॅमच्या सुमारे दोन पंचमांशात बसवण्याचा प्रयत्न कर्नल मुळातच करते, तरी स्वॅप रॅमएवढे ठेवणे सुरक्षित. उठणे अधिक नाजूक आहे. यंत्र सुरू होताना, मुख्य डिस्क जोडली जाण्याआधीच, इनिटरॅमएफएस या छोट्या आरंभीच्या प्रणालीला प्रतिमा कुठे शोधायची ते ठाऊक असावे लागते. हा पत्ता म्हणजे स्वॅप विभागाचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा एकमेव ओळखक्रमांक. डेबियन घराण्यात तो ‘रिझ्यूम’ नावाच्या एका छोट्या फाइलीत असतो, आणि ती बदलली की इनिटरॅमएफएस नव्याने बांधावी लागते. स्वॅप विभागाऐवजी फाइलीत असेल, तर ती फाइल ज्या विभागावर आहे त्याचा यूयूआयडी आणि त्या विभागात ती कुठून सुरू होते तो आकडा, असे दोन्ही द्यावे लागते.

लेखकाच्या २०११ सालच्या लॅपटॉपवर ८ जीबी रॅम आणि तेवढेच स्वॅप होते, आणि शीतनिद्रा कित्येक महिने बिनतक्रार चालली. मग शेजारच्या विभागावर दुसरी एक लिनक्स प्रणाली बसवली गेली. तिच्या इन्स्टॉलरने स्वॅप नव्याने फॉरमॅट केले. स्वॅप नव्याने फॉरमॅट झाले की यूयूआयडी बदलतो. जुनी प्रणाली सुरू होताना दीड मिनिट अडकू लागली, कारण ती जुन्या यूयूआयडीचे स्वॅप शोधत होती. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणते विभाग जोडायचे त्या यादीच्या फाइलीत, नवा यूयूआयडी लिहिला, अडकणे थांबले, प्रश्न सुटला असे वाटले. ‘रिझ्यूम’ फाइलीत जुना पत्ता तसाच राहिला होता.

त्या रात्री एका स्मरणिकेसाठी तपासलेला मजकूर साध्या एडिटरमध्ये, अजून नाव न दिलेल्या फाइलीत उघडा होता. आज्ञा दिली, डिस्कचा दिवा लुकलुकला, लॅपटॉप बंद झाला. सगळे नेहमीसारखेच. सकाळी मात्र लॉगिनचा कोरा पडदा आला. चूक झाल्याचा एकही शब्द नाही. लॉग उघडल्यावर उलगडा झाला. इनिटरॅमएफएस जुन्या पत्त्यावर काही वेळ थांबली होती, तिथे काही नाही म्हणून पुढे गेली होती, आणि तसा संदेशही तिने दिला होता, पण तो सुरुवातीच्या चित्राआड झाकला गेला. पुढे स्वॅप चालू करणाऱ्या साधनाला त्यात शीतनिद्रेची प्रतिमा आढळली. हेही त्याने नोंदवले, आणि त्याच ओळीत, स्वॅपची खूण पुन्हा लिहीत असल्याचे सांगितले. म्हणजे मजकूर तोवर डिस्कवर होता, यंत्राला तो दिसला होता, आणि कुणालाही न विचारता त्याच्यावर पाणी सोडले गेले. एवढी मोठी कृती विचारूनच व्हायला हवी. लॉगमधली ओळ पुरेशी नाही. चार तासांचे काम होते. लेखकाचा राग पुष्कळ दिवस टिकला.

उबुंटूने बटण का लपवले असेल, ते त्या सकाळनंतर पटू लागले. तरी बटण हवेच असते, हेही मत बदललेले नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. नवा यूयूआयडी ‘रिझ्यूम’ फाइलीत लिहिला, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधली, आणि पहिली चाचणी एका बिनमहत्त्वाच्या फाइलीवर घेतली. उठल्यावर वायफाय मात्र मेलेले होते. त्याचे ड्रायव्हर काढून पुन्हा चढवले की ते येते. सेक्युअर बूट चालू असलेल्या नव्या लॅपटॉपवर बऱ्याच वितरणांचे कर्नल शीतनिद्रा मुळात करूच देत नाही. २०११ च्या या यंत्रात सेक्युअर बूट नाही, त्यामुळे ती अडचण आली नाही.

एकाच लॅपटॉपवर दोन प्रणाली ठेवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. एक प्रणाली झोपलेली असताना दुसरीतून तिचा विभाग उघडू नये, कारण उठल्यावर तिला जुनीच डिस्क आठवते आणि फाइली बिघडतात. दुसरी प्रणाली बसवताना इन्स्टॉलर स्वॅप फॉरमॅट करू म्हणेल, तेव्हा त्याला नाही म्हणा.