हिरवं रक्त आणि उघडा माइक

कोलार रोड, भोपाळ

चि. मनू,



तुमच्या शाळेच्या पालकसभेत मोबाइलवरच्या खेळांवर बंदी घालायचा ठराव येतोय आणि ‘खेळताना मुलं ऐकवत नाही असं बोलतात’ हे त्याचं कारण दिलंय, असं तू लिहिलंस. कारण खरं आहे, उपाय चुकलाय, असं माझं मत. जरा सविस्तर लिहितो. तुमचं नागपूर काय नि आमचं भोपाळ काय, खेळ तेच आणि शिव्याही बहुतेक हिंदीतच.

आधी बंदीने काय साधलं ते बघ. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइल बंद झाला, कारण देशाच्या सुरक्षेचं. मुलं फ्री फायरकडे वळली. जुलै 2021 मध्ये क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय या नावाने जवळपास तोच खेळ परत आणला. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेला, त्याच वर्षी जुलैत बीजीएमआयही प्ले स्टोअरवरून उतरला आणि मे 2023 मध्ये पुन्हा चढला. आमच्याकडे जानेवारी 2022 मध्ये भोपाळच्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी ऑनलाइन खेळांसाठी कायदा आणू असं जाहीर केलं होतं. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा झाला, पण त्याचा सगळा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर. या सगळ्या उघडझापीत मुलांच्या तोंडची भाषा हा विषय कुणाच्या अजेंड्यावरच नव्हता, मग ती सुधारणार कशी?

बीजीएमआय भारतासाठी तयार करताना काय काय बदललं ते तर फारच बोलकं आहे. गोळी लागल्यावर उडणारं रक्त लालऐवजी हिरवं केलं. अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या मोबाइलवर ओटीपी मागवूनच आत सोडायचं ठरलं, दिवसाला तीन तासांची मर्यादा आली आणि दिवसाचा खर्च सात हजार रुपयांपर्यंत. (दिवसाला सात हजार! पण ते असो.) शिवाय हॅक वापरून भिंतीपलीकडचा शत्रू बघणाऱ्यांची खाती कंपनी कायमची बंद करते आणि किती बंद केली ते आकड्यांनिशी जाहीर करते. म्हणजे वेळ मोजता येतो, पैसा मोजता येतो, लबाड पकडता येतो. देखरेख जमतच नाही, हे म्हणणं तिथेच निकालात निघतं. फरक आहे तो नुकसान कुणाचं होतं याचा. हॅकरमुळे खेळाची मजा जाते, खेळणारे निघून जातात, त्यांच्यामागे पैसा जातो. अनोळखी चौघांच्या स्क्वॉडमध्ये एखाद्या मुलीने माइक उघडला आणि तिला जे ऐकावं लागलं, त्याने कंपनीचं काहीच जात नाही. ती माइक बंद करून खेळत राहते. आकडेवारीत ती अजून ‘खेळाडू’च असते.

यावर नेहमीचं उत्तर असं की ही मोजक्या वाया गेलेल्या पोरांची करणी, त्यांना हाकला म्हणजे झालं. याची तपासणी ‘लीग ऑफ लेजंड्स’ चालवणाऱ्या रायट या अमेरिकी कंपनीने दहा-बारा वर्षांपूर्वीच केली होती. सतत घाण बोलणारे निघाले सुमारे एक टक्का, आणि एकूण घाणीत त्यांचा वाटा सुमारे पाच टक्के. उरलेली घाण एरवी नीट वागणाऱ्यांची, कधीतरी तोल सुटलेल्यांची. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. प्रतिस्पर्ध्यांशी बोलायची खिडकी आपोआप उघडी असायची, ती बंद ठेवली. ज्याला हवी त्याने उघडावी. गप्पा पूर्वीइतक्याच चालू राहिल्या, पण वाईट बोलणं जवळपास एक तृतीयांशाने घटलं. दुसरं असं की शिक्षा झालेल्याला नुसतं ‘तू नियम मोडलास’ असं कळवलं तर निम्मे सुधारत. तो नेमकं काय बोलला ते समोर ठेवलं की सुधारणारे 65 टक्क्यांवर गेले. हे कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेले गुण आहेत, हे मान्य. तरी त्यातून एवढं नक्की दिसतं की भाषा पोराच्या संस्कारांइतकीच व्यवस्थेवरही ठरते.

आता आमच्या भोपाळचा खास आक्षेप. इथे ‘को खां’ या हाकेनंतर शिवी आली नाही तर समोरच्याला वाटतं, हा रागावलाय की काय. मैदानातही मुलं बोलतातच, मग मोबाइलवर बोलली तर एवढं काय? पण सर्वधर्म पुलाजवळच्या मैदानात बोलणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो, तो पडला की जीभ आपोआप आवरते, आणि कठड्यावर बसलेला कुणी मोठा ‘ए!’ म्हणून ओरडतोही. स्क्वॉडमधले ‘रँडम’ कोण, किती वर्षांचे, हे कुणालाच ठाऊक नसतं. नाव विचारायचं, आडनावावरून जात काढायची आणि मग उरलेला डाव त्यावर काढायचा, ही मस्करी दोस्तांत होत नाही. ‘म्यूट कर की’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की या खेळात शत्रू कुठे आहे हे साथीदाराच्या आवाजावरून कळतं. म्यूट करणारा बहिरा होऊन खेळतो. शिक्षा ज्याचा अपराध नाही त्याला.

खासगीपणाचा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. मुलांचा प्रत्येक शब्द कुठल्या तरी कंपनीच्या यंत्राने ऐकत बसावं, हे मलाही नको. पण यातूनही वाट आहे. प्लेस्टेशन 5 मध्ये शेवटच्या पाच मिनिटांचा आवाजच उपकरणावर राहतो, आणि कुणी तक्रार केली तर त्यातला जास्तीत जास्त 40 सेकंदांचा तुकडा तपासणाऱ्याकडे जातो. तक्रार नसेल तर काहीच जात नाही. हरलेली टोळी सूड म्हणून खोट्या तक्रारी करते, हेही खरं, आणि म्हणूनच शेवटी ऐकणारा माणूस हवा, निकालाचं कारण हवं आणि दाद मागायची सोय हवी. खरी अडचण भाषेची आहे. कॉल ऑफ ड्यूटीने 2023 मध्ये आवाज तपासणारं यंत्र बसवलं, त्याची सुरुवात इंग्रजीपासून. फेसबुकसारख्या धनाढ्य कंपनीलासुद्धा द्वेषाचा मजकूर पकडणारी यंत्रणा हिंदीसाठी आणायला 2018 उजाडलं. रोमन लिपीत, मध्ये आकडे घुसवून लिहिलेली हिंदी शिवी, किंवा छिंदवाडा-पांढुर्ण्याकडची हिंदी-मराठी सरमिसळ, हे ओळखायला तिथली माणसं पगारावर ठेवावी लागतील. खर्च आहे, आणि तो टाळण्यासाठीच ‘मुलं अशीच असतात’ हे वाक्य सोयीचं पडतं.

मध्य प्रदेश सरकारने 2023 मध्ये भोपाळात राज्य ई-स्पोर्ट्स अकादमी जाहीर केली, तेव्हा हा खेळ आता नुसता टाइमपास राहिलेला नाही. क्रिकेटमध्ये पंचाला उलट बोललं तर मानधन कापतात; इथेही निवडीच्या वेळी नेमबाजीबरोबर मुलाच्या खात्यावरच्या सिद्ध तक्रारी बघायला काय हरकत आहे? एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधान ज्या सात गेमर्सना भेटले, त्यांत मुलगी एकच होती, छिंदवाड्याकडची पायल धारे. कौतुक आहेच, पण सातांत एक का, याचं थोडं उत्तर त्या उघड्या माइकपाशी सापडेल.

तर ठरावाचा मसुदा बदलायला सांग. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार-अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते. मुलांना स्क्रीनशॉट कसा ठेवायचा, रिपोर्टचं बटण कुठे आहे, हे एका तासात शिकवून होईल. आणि शाळेने स्वतःच्या लेटरहेडवर, मराठीत, शिव्यांचे नमुने जसेच्या तसे जोडून त्या अधिकाऱ्याला लिहावं. नमुने टाइप करायला कुणी तयार होईना तर मला कळव, मी करून देतो.

तुझा
काका