थोडं थोडं पाठव

22 जुलै 2021च्या रात्री मी पुण्यात होतो आणि बाबा कशेडीला. महाडमध्ये पाणी शिरलं होतं आणि बाबांचा फोन लागत नव्हता. सकाळी तळियेच्या दरडीच्या बातम्या येऊ लागल्या. आता मला फोन लावायचीही भीती वाटू लागली.

दुपारी मोबाइल थरथरला. नऊ मेसेज, एका दमात. 'लाइट गेली.' 'मागच्या बांधाची माती खाली आली.' 'शेजारी जातोय.' शेवटचा : 'सगळे बरे आहोत. झोप आता तू.' बाबांनी ते रात्रभर एकेक करून लिहिले होते. रेंज नव्हती, म्हणून ते त्यांच्याच फोनमध्ये अडकून बसले.

पुढच्या वर्षी ऑफिसात मी एक अहवालाचं पान बनवत होतो. अहवाल तयार व्हायला चाळीस सेकंद लागायचे. म्हटलं, जेवढं तयार होईल तेवढं लगेच पाठवू. एचटीटीपी 1.1 मध्ये तशी सोय आहे. एकूण लांबी आधी न सांगता सर्व्हर तुकडे पाठवतो. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी असते आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा, म्हणजे 'संपलं'.

माझ्या लॅपटॉपवर ओळी एकेक करून उतरल्या. खऱ्या सर्व्हरवर मात्र चाळीस सेकंद कोरा पडदा, मग सगळं एकदम. दोन दिवस मी कोडच तपासत बसलो. कोड तर पाठवत होता, अडत होतं वाटेत. पुढे बसवलेला एन्जिनएक्स मुळातच उत्तर आधी स्वतःकडे साठवतो, म्हणजे कुणाचं नेट मंद असलं तरी मागचा सर्व्हर लवकर मोकळा होतो. जीझिपही दाबण्यासाठी मजकूर जमवतो. काही ब्राउझर तर पहिले हजारेक बाइट येईपर्यंत काही दाखवत नाहीत, कारण अक्षरं कुठल्या एन्कोडिंगमधली आहेत हे त्यांना आधी ओळखायचं असतं. साठवण्यात चूक कुणाची नव्हती. मलाच ते माहीत नव्हतं.

त्या पानापुरतं जीझिप बंद केलं, 'एक्स-ॲक्सेल-बफरिंग' हेडरमध्ये 'नो' लिहिलं, आणि पहिली ओळ लगेच दिसली.

ती बघताना बाबांचे मेसेज आठवले. त्यातला पहिला जरी त्या रात्री पोचला असता, तरी मला पुरला असता.

आता पावसाचा जोर वाढला की, रेंज जायच्या आधीच बाबा एक शब्द पाठवतात : 'आहे.' बाकीचं मागाहून आलं तरी चालतं.