एपिंगचें अरण्य आणि शहरांतील मुलें

लंडन शहराच्या ईशान्येस एपिंग नांवाचें एक प्राचीन अरण्य आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६,००० एकर असून बीच, ओक व हॉर्नबीम हे तेथील मुख्य वृक्ष होत. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून सेंट्रल मार्गाच्या रेल्वेनें निघालें म्हणजे सुमारें अर्ध्या तासांत अरण्याच्या कांठचें लाउटन गांव येतें. मुलाच्या नोकरीनिमित्त लंडनांत कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां मीं हें अरण्य पाहिलें. आपल्या ज्ञानाच्या एका शाखेस ‘आरण्यक’ हें नांवच वनावरून मिळालेलें. तेव्हां वन पाहण्याची हौस संस्कृत शिकलेल्या माणसास असावयाचीच. परंतु तेथील पूर्ववृत्त कळल्यावर मन ओढलें गेलें तें वर्षांतून एक दिवस त्या वनांत येणाऱ्या मुलांकडे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनचा पूर्वभाग अत्यंत दाट वस्तीचा होता. एकेका खोलींत एकेक कुटुंब राही, आणि मुलांस खेळावयास रस्त्यावांचून दुसरी जागा नसे. तेथील चर्चें रविवारच्या शाळा चालवीत व नियमानें येणाऱ्या मुलांस उन्हाळ्यांत एक दिवस वनविहारास नेत. एपिंग हें त्यांचें आवडतें ठिकाण. कोणी घोड्यांच्या उघड्या गाड्यांतून जात, कोणी आगगाडीनें. पुष्कळ मुलांच्या गळ्यांत दोरीनें अडकविलेला घरचा पेला असे. दिवसभर झोके, शर्यती व गाढवावरची रपेट. तिसऱ्या प्रहरीं चहा, पाव-लोणी व केक. आणि सायंकाळीं पुन्हां त्याच धुराच्या गल्लींत. सहलीचा दिवस जवळ आला म्हणजे या शाळांची पटसंख्या एकाएकीं वाढत असे. जन्मभर हजेरीपट भरलेल्या मास्तरास याचें नवल वाटणार नाहीं.

हें कार्य चर्चच्या सहलींपुरतेंच राहिलें नाहीं. व्हाइटचॅपल येथील सेंट ज्यूड चर्चचे धर्मोपदेशक सॅम्युएल बार्नेट व त्यांची पत्नी हेन्रिएटा यांनीं १८७७ सालापासून गरीब मुलांस कांहीं दिवस खेड्यांतील कुटुंबांत राहावयास पाठविण्यास आरंभ केला. त्यांतूनच १८८४ सालीं एक स्वतंत्र निधि उभा राहिला. १८९२ सालीं आर्थर पिअर्सन या पत्रव्यवसायी गृहस्थानें दुसरा निधि काढला. ९ पेन्स द्या, एक मूल एक दिवस रानांत जाईल, असा त्याचा सोपा हिशेब होता. लाउटन येथें अशा मुलांकरितां विश्रामगृह होतें, आणि थेडन बॉइझ गांवीं रिग्ज कुटुंबाचें मोठें उपाहारगृह होतें. मात्र सर्वांसच हे पाहुणे आवडत नसत. या मुलांवरून कुचेष्टेनें ‘उवांचें लाउटन’ असें नांव त्या गांवास पडलें होतें. दया आणि तिटकारा एकाच गांवीं कसे नांदतात, याचें हें उदाहरण.

परंतु सहलीस वन उरलें तें कोणामुळें? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमीनदार लोक या अरण्यास कुंपणें घालूं लागले होते. लाउटनच्या रहिवाशांस हिंवाळ्यांत जळणाकरितां फांद्या तोडण्याचा जुना हक्क असे. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीं पहिली कुऱ्हाड चालली पाहिजे, अशी रूढि होती. टॉमस विलिंगेल नांवाच्या मजुरानें कुंपणास न जुमानतां तो हक्क बजावला, आणि १८६६ सालीं त्याच्या मुलास व नातलगांस तुरुंगांत जावें लागलें. पुढें लंडनच्या नगरसंस्थेनें हा लढा हातीं घेतला. १८७४ सालीं निकाल कुंपणांविरुद्ध लागला, १८७८ सालीं कायदा झाला, आणि ६ मे १८८२ रोजीं राणी व्हिक्टोरियानें हें अरण्य जनतेस अर्पण केलें. मात्र फांद्या तोडण्याचा हक्क त्याच व्यवस्थेंत संपला. त्याच्या मोबदल्यांत गांवास ‘लॉपिंग हॉल’ हें सभागृह मिळालें. तें मी पाहून आलों.

अरण्यांतील जुने हॉर्नबीम वृक्ष डोक्याएवढ्या उंचीपर्यंत एकच जाड खोड, व तेथून एकदम अनेक फांद्या, अशा विचित्र आकाराचे दिसतात. गुरांचें तोंड पोहोंचूं नये म्हणून लांकूडतोडे तेवढ्या उंचीवरच फांद्या छाटीत. ज्या गरिबांनीं आपल्या जळणासाठीं शिक्षा भोगली, त्यांच्यामुळें दुसऱ्या गरिबांच्या लेंकरांस पुढें सावली मिळाली. राणीची तिथि इतिहासांत नमूद आहे. विलिंगेलचें नांवही आपल्या मुलांस सांगावें.

सुट्टी लागली म्हणजे आपण घरचीं सर्व मुलें घेऊन कोंकणांत किंवा एखाद्या डोंगरावर जातों. गाडींत एक जागा सहज निघते. घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईचें मूल त्या जागेवर बसवावें. मात्र तें आपल्या मुलांच्या पंक्तीसच जेवावें, आणि उपकाराचा शब्द त्याच्या कानीं पडूं नये.